मुसळीला गावाचं नाव मिळालं, गाववाल्यांना काय?



मागच्या बैठकीत मी फोडशीचा विषय काढला तेव्हा दोघं-तिघं हसले. एक काका म्हणाले, "पोरी, दाव्यांच्या फायली पडून हायेत, मोजणी अर्धी राहिलीय, आन् तू भाजीचं काय घेऊन बसलीस?" काकांनी दळीच्या जमिनीसाठी मार खाल्लाय, केसेस अंगावर घेतल्यात. त्यांच्यापुढं मला उलट बोलता आलं नाही. पण घरी आल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे लिहून काढलं. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं. पटलं नाही तर पुढच्या बैठकीत मला तोंडावर सांगावं.

आधी भाजीचंच सांगते. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की सागाच्या, ऐनाच्या खाली पाचोळ्यातून हिरवी पाती वर येतात. गवतासारखी लांब, पण गवतापेक्षा रुंद आणि मऊ, सगळी एका बुडातून फुटलेली. कोवळी असताना आपण ती आणतो, बुडाकडचा पांढरा कडक भाग काढतो, बारीक चिरतो आणि कांदा, चण्याची डाळ घालून नाहीतर सुकट घालून करतो. कोणी फोडशी म्हणतं, कोणी कुळी म्हणतं, कोणी नुसतं पाला म्हणतं. आपल्या खडवली स्टेशनावरून पहाटेच्या लोकलनं ज्या बायका कल्याणला, ठाण्याला, दादरला जातात त्यांच्या टोपलीत शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी ह्यांच्याबरोबर फोडशीच्या जुड्या असतात. त्या दिवसांत वीटभट्ट्या बंद, लावणीची मजुरी अजून सुरू व्हायची, भट्टीची उचल संपलेली. घरात मीठ-तेल येतं ते ह्या जुड्यांवर. हे मी सांगायला पाहिजे असं नाही, तुम्ही सगळ्या जणी हेच करता.

आता ह्या फोडशीच्या भावकीतलीच एक आहे सफेद मुसळी. पानं बघून अनोळखी माणूस फसतो. श्रावणाच्या सुमाराला मधून एक दांडी निघते, तिच्यावर पांढरी, सहा पाकळ्यांची छोटी फुलं झुबक्यानं येतात, आत पिवळे तुरे. पाऊस ओसरला की पानं पिवळी होऊन बसतात आणि वर काहीच राहत नाही. जमिनीत मात्र बोटांसारख्या पांढऱ्या गुबगुबीत मुळ्यांचा घोस असतो. हीच मुळी वाळवून, सोलून शहरात औषध म्हणून महाग विकली जाते. शक्तीचं औषध. पेपरात तिच्या जाहिराती कशा असतात ते पोरांना माहीत आहे.

शास्त्रज्ञांच्या पुस्तकात ह्या मुसळीचं नाव आहे क्लोरोफायटम बोरिविलियानम. पहिला शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ नुसता 'हिरवं झाड'. दुसरा शब्द आपल्याला ओळखीचा वाटेल, कारण तो आहे बोरिवली. होय, तीच. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५४-५५ च्या सुमारास बोरिवलीच्या रानातली ही मुसळी 'जगाला नवीन जात' म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली, आणि जिथं मिळाली त्या जागेचं नाव तिला दिलं. सांतापाऊ स्पेनहून आलेले जेझुइट पाद्री. सह्याद्रीत त्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली, खंडाळ्याच्या झाडांवर मोठं पुस्तक लिहिलं, पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले. माझं त्या माणसाशी काही भांडण नाही. ठाणे जिल्ह्यातल्या एका रानातल्या झाडाला त्यानं त्याच रानाचं नाव दिलं, कुठल्या लाटसाहेबाचं दिलं नाही, हे मला आवडलं.

मला खटकतो तो 'नवीन' हा शब्द, आणि 'शोध'. ही जात नवीन ठरते कशी ते मी एका शिकलेल्या ताईकडून समजून घेतलं. झाड मुळासकट, फुलासकट काढायचं, कागदात दाबून वाळवायचं. जगातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचं. कशाशीच जुळलं नाही तर त्याचं वर्णन लिहायचं. मुळी कशी, पान किती लांब, फुलाचा देठ, फळाचे कोपरे, बी कसलं. एक नमुना कायमचा जपून ठेवायचा आणि वर्णन छापायचं. हे वर्णन लॅटिनमध्ये पाहिजे असा नियम १९३५ पासून होता, तो २०१२ च्या जानेवारीपर्यंत चालला. त्यानंतर इंग्रजी चालायला लागलं. म्हंजे इतकी वर्षं, ज्या भाषेत जगात आता कोणी भांडतही नाही त्या भाषेत लिहिल्याशिवाय झाड जन्माला आलं असं धरत नव्हते. वारली, ठाकरी, कातकरी तर सोडाच, मराठीतही चालत नव्हतं आणि आजही चालत नाही.

बरं, वर्णन करणं म्हंजे काय? माझी आजी शाळेत गेली नाही. ती सांगते, "जिची मुळी बुडालाच चिकटून असते ती मुसळी. जिची गाठ दोऱ्याला लोंबते ती फोडशी. आन् काळी मुसळी तिसरीच, तिचं फूल पिवळं, भुईलगत." मी पुस्तकात शोधलं. शास्त्रज्ञसुद्धा ह्या दोन पांढऱ्या फुलांच्या जाती ओळखताना मुळीकडं बघतात. एकीचे कंद बिनदेठाचे, थेट खोडाच्या बुडातून निघालेले, दुसरीचे बारीक मुळांच्या टोकाला. आणि काळी मुसळी तर वेगळ्याच कुळातली. आजीनं तीन वाक्यांत तीन जाती वेगळ्या केल्या. वाळवलेला नमुना नाही, भिंग नाही. तिचं वर्णन छापलं गेलं नाही एवढाच फरक. नमुन्याच्या कागदावर 'गोळा करणारा' असा रकाना असतो. 'दाखवणारा' असा नसतो. सांतापाऊंना मुसळी कोणी दाखवली की त्यांना स्वतःलाच दिसली, यावर मला वाद घालायचा नाही. पण बोरिवलीच्या रानात तेव्हा वारली होते, कोकणा होते, मल्हार कोळी होते आणि ते भाज्या खात होते. त्यांना ही पाती नवीन नव्हती.

हे फक्त मुसळीचं नाही. १९९४ साली शेवळ्याच्या भावकीतल्या एका कंदाला कोकणाचं नाव मिळालं. २००६ साली नाशिककडच्या अंजनेरीच्या डोंगरावरच्या एका खरपुडीला अंजनेरीचं मिळालं. आपल्या डोंगरांची नावं जगभरच्या पुस्तकांत चालली आहेत. चांगली गोष्ट आहे. आणि ज्यांच्या पायाखाली ते डोंगर आहेत त्यांचं काय झालं ते बोरिवलीतच बघा. ते रान आता राष्ट्रीय उद्यान आहे, १०३ चौरस किलोमीटरचं. १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सुरुवात झाली. झोपडपट्टीबरोबर आदिवासी पाडेही त्याच यादीत धरले गेले. मुसळीला रहिवासी म्हणून कायमचा दाखला, तोही लॅटिनमध्ये, आणि माणसाला नोटीस. त्या पाड्यांना 'आम्ही आधीपासून इथंच आहोत' हे सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

सिद्ध करणं. इथंच माझा मुद्दा आहे, म्हणून काकांनी जरा कान द्यावा.

आमच्या सामूहिक दाव्याच्या वेळी एका साहेबांनी आम्हाला विचारलं, "जंगलातून तुम्ही काय घेता?" आम्ही पाच बाया होतो, दोन ठाकूर, तीन कातकरी. "भाजी घेतो," आम्ही म्हणालो. "कोणती भाजी?" मग एकीनं फोडशी सांगितलं, एकीनं कुळी, एकीनं पाला, एक मुसळी म्हणाली, आणि पाचवी घाबरून गप्पच बसली. कुठून घेता विचारलं तर एक म्हणाली ओहोळाच्या वर, दुसरी म्हणाली मोठ्या दगडाकडं. दोन्ही एकच जागा! आम्हाला माहीत होतं, साहेबांना नव्हतं. किती वर्षांपासून? "आधीपासून." साहेबांनी कागदावर लिहिलं, माहिती विसंगत. साहेब रागावलेले नव्हते, उर्मट नव्हते, चहासुद्धा सांगितला. पण त्या दोन शब्दांनी आमचा दावा मागं गेला. मला रात्रभर झोप आली नाही, कारण खोटं कोणीच बोललं नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. वन हक्क कायदा २००६ चा, अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून. त्यात गौण वनोपज म्हंजे काय ते कलम २ मध्ये लिहिलंय, आणि त्यात बांबू, मध, लाख, तेंदूपानाबरोबर औषधी वनस्पती, मुळ्या आणि कंद हे शब्द स्पष्ट आहेत. हे वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क कलम ३ मध्ये आहे. त्याच कलमात आणखी एक हक्क आहे, ज्याच्याकडं आपण बघतच नाही. जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा हक्क, आणि जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक हक्क. बौद्धिक हक्क हा शब्द मोठा वाटतो. आजीची तीन वाक्यं म्हंजे तोच हक्क. आणि हा कायदा अभयारण्याला आणि राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे, म्हणजे बोरिवलीलाही.

आणि पुरावा? नियमांतला नियम १३ वाचा. सामूहिक हक्काच्या पुराव्यात चराईच्या जागा आहेत, पाण्याच्या जागा आहेत, मासेमारीच्या जागा आहेत, आणि स्पष्ट शब्दांत कंदमुळं, रानफळं गोळा करण्याची क्षेत्रं आणि वैदूंची औषधी गोळा करण्याची क्षेत्रं आहेत. म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तेही पुरावा धरलं जातं. म्हंजे फोडशी कुठं उगवते, मुसळी कुठं, करांदा कुठं, हे नीट लिहिलेलं असलं तर तो कागद नुसता भाजीचा कागद राहत नाही. दंडाची पावती जशी आपण जपून ठेवतो तसाच हा एक कागद.

आपल्याला तर तो जास्तच लागणार. नदीपलीकडं शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याचा आधार मिळतो. आपले पाडे कल्याण तालुक्यात, आणि कल्याण त्या यादीत नाही. भातसा नदी ओलांडली की आदिवासी बदलत नाही, मुसळी बदलत नाही, कायदा बदलतो. त्यामुळं आपल्याकडं जे काही आहे ते वन हक्क कायदाच. शिवाय इकडं शहर किती झपाट्यानं सरकतंय ते रोज गाडीतून दिसतं. फार्महाऊसचं कुंपण एकदा पडलं की त्याच्या आतलं रान कोणाचं होतं ते सांगायला आजीही उरणार नाही.

केरळात काय झालं तेही सांगते. अगस्त्य डोंगरात काणी नावाचे आदिवासी राहतात. १९८७ साली काही शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर रानात चालत होते. शास्त्रज्ञ दमले, काणी वाटाडे दमेनात. ते मधून मधून एक फळ खात होते. रानाच्या भुईवर वाढणारं छोटं झाड, आरोग्यपच्चा. आधी त्यांनी सांगायला नकार दिला, मग सांगितलं. तिरुवनंतपुरमच्या सरकारी बाग-संस्थेनं त्यावरून 'जीवनी' नावाचं औषध काढलं, एका कंपनीला परवाना दिला आणि परवान्याच्या पैशातला व रॉयल्टीतला अर्धा वाटा काणींच्या ट्रस्टला द्यायचं ठरवलं. जगभर ह्याचं कौतुक झालं, अजूनही होतं. पण त्याच काणींना आरोग्यपच्चा लावायला आणि काढायला वन खात्यानं अडवलं, कारण जमीन राखीव जंगलाची. ज्ञानाचा वाटा मिळाला, रानावरचा हक्क नाही. म्हणून मला वाटतं ह्या दोन गोष्टी सोडून-सोडून मागायच्या नाहीत. ज्ञान वेगळं आणि जमीन वेगळी असं ज्यानं आपल्याला शिकवलं त्याचा त्यात फायदा होता.

आता दुसरी बाजू. ती लपवून ठेवली तर हा लेख खोटा होईल.

आमच्या पाड्यावर वही करायचं ठरलं तेव्हा एका मावशीनं विचारलं, "सगळं लिहून ठेवलं आन् ते यापाऱ्याच्या हाती पडलं तर?" ह्याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. मुसळीच्या बाबतीत हे झालेलं आहे. औषधी वनस्पतींच्या राष्ट्रीय मंडळानं मुसळीला महत्त्वाच्या यादीत घातलं. लागवडीची लाट आली, एकरी लाखांची स्वप्नं दाखवून बियाणं म्हणून मुळ्या विकल्या गेल्या, माल परत घेऊ असं सांगणारे गायब झाले आणि कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आणि रानातली? ती आपणच काढली. हो, आपणच. व्यापाऱ्याचा माणूस येतो, ओल्या मुळीचा भाव करतो, आणि भाद्रपदात, पानं हिरवी असतानाच, फळ पिकायच्या आधी आपली पोरं टिकाव घेऊन निघतात. मुसळीचं बी काळं, कांद्याच्या बियांसारखं असतं, आणि ते उगवतंही कमी. मुळीचं नुसतं बोट पुरलं तर फुटत नाही, बुडाची चकती थोडी तरी बरोबर पाहिजे. म्हंजे चकतीसकट सगळा घोस ओरबाडला तर त्या जागेवरची मुसळी संपली. आजी पूर्वी दोन बोटं काढायची, चकती आणि बाकीचं परत मातीत दाबायची. "पुढल्या सालाला तिचं घर ठेवावं," म्हणते. माझ्या वयाच्या पोरांना हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी भुकेच्या महिन्यात घर ठेवायला जमत नाही. मलाही जमलं नव्हतं. दहावीच्या फीसाठी मी पण एका पावसाळ्यात खणलेत घोस.

त्यामुळं मावशीचा प्रश्न खरा आहे. ह्यावर आम्ही बोलून जे ठरवलं ते सांगते, चुकलं असेल तर दुरुस्त करा. वही दोन तऱ्हेची. एकीत झाडाचं वर्णन, नावं, वापर आणि साधारण कोणत्या बाजूला मिळतं ते. ही दाव्याला जोडायची. दुसरीत नेमक्या जागा, ओहोळ, दगड, झाडाची खूण. ती वन हक्क समितीच्या पेटीत राहील, तपासणीला साहेब आले तर त्यांना जागेवर नेऊन दाखवायचं, पण झेरॉक्स द्यायची नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत समिती आणि लोकांची नोंदवही व्हायची असते, आणि धंद्यासाठी माल नेणाऱ्याकडून ती समिती फी घेऊ शकते. कागदावर चांगलं आहे. पण ती नोंदवही बाहेरून आलेल्या माणसानं दोन दिवसांत भरून नेऊ नये. भरायची तर आपल्या वहीवरून, ग्रामसभेत वाचून.

आमच्या वहीतलं मुसळीचं पान खाली देत आहे. आजी आणि इतर चार जणींनी सांगितलं, मी लिहिलं. चार वेळा खोडलं आहे.

"नाव: मुसळी, सफेद मुसळी. पानं कोवळी असताना काही जणी फोडशीच म्हणतात. कुठं: सावलीच्या रानात, पाचोळ्याच्या काळ्या मातीत, उतारावर. पाणी साचतं तिथं नाही. कधी: पहिल्या पावसानंतर पान. श्रावणात फूल. फूल पांढरं, झुबक्यात, एका वेळी थोडी उमलतात. फळाला तीन कोपरे, आत काळं बी. नवरात्रापर्यंत पान बसतं. मुळी: बोटासारखी, बुडाला चिकटून, देठ नाही. फोडशीची गाठ दोऱ्याच्या टोकाला, म्हणून खणून बघितल्याशिवाय नाव सांगू नये. खाणं: कोवळं पान भाजीला. मुळी बाळंतिणीला आणि अशक्त माणसाला, दुधात. काढणं: पान पिवळं झाल्यावरच. दोन बोटं घ्यावी, चकती मातीत ठेवावी. कोण जातं: पाड्यातल्या सगळ्या घरच्या बाया. पूर्वी किती: एका फेरीत टोपली. आता: ओटीभर."

एवढं लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. भांडणंही झाली. 'श्रावणात फूल' की 'आषाढात' यावर अर्धा तास गेला, शेवटी रानात जाऊन बघायचं ठरलं. आणि 'पूर्वी किती, आता किती' हे विचारल्यावर सगळ्या जणी एकदम शांत झाल्या. हे असं आपण एकमेकींना कधी विचारलंच नव्हतं.

आता साहेबांनी परत विचारलं, कोणती भाजी, कुठून, कधीपासून, तर पाच जणी पाच नावं सांगतील आणि पाचही नावं एकाच पानावर लिहिलेली असतील. मग विसंगत म्हणून दाखवावं.

टोपलीबद्दलही एक. २०१२ साली नियम बदलले तेव्हा वनोपज योग्य त्या साधनानं जंगलात आणि जंगलाबाहेर नेण्याचा हक्क लिहिला गेला आणि वाहतुकीचा पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडं आला. मागच्या पावसाळ्यात एका खाकी कपड्यातल्या माणसानं आमच्या एका मावशीच्या जुड्या फेकल्या, वर 'जंगल विकून खाता' म्हणाला. ती रडत घरी आली, कोणाला सांगितलंही नाही, मला महिन्यानं कळलं. ह्या वर्षी ज्यांच्या टोपल्या जाणार आहेत त्यांनी नियमाच्या त्या पानाची प्रत टोपलीत ठेवावी. प्रती संघटनेच्या खोलीत आहेत, स्टेन्सिल थोडी फाटली म्हणून खालच्या दोन ओळी पुसट आल्यात.

काही पाड्यांनी वही सुरू केली आहे, काहींनी नाही. ज्यांना सुरू करायची आहे त्यांनी एकदम सगळं रान लिहायला घेऊ नका, थकाल. एक झाड घ्या. ह्या दिवसांत शेवळं वर आहे, त्याच्यापासून करा. त्याला काकडाची फळं का घालायची, नाही घातली तर घशाला काय होतं, ते पण लिहा. शहरातली माणसं शेवळं विकत घेतात आणि काकड विसरून जातात, मग दुसऱ्या दिवशी येऊन बायकांशी भांडतात. लिहायला नववी-दहावीचं पोर बसवा, सांगायला म्हातारं माणूस. पोरानं शहाणपणा करून शब्द बदलू नयेत. मी पहिल्या वेळी आजीच्या 'घर ठेवावं' ह्याचं 'संवर्धन करावे' असं केलं होतं. आजीनं वाचून घेतलं आणि विचारलं, "हे कोण बोललं?"

आणि काकांना एक विनंती. करांद्याच्या जागा आपल्या भागात तुमच्याइतक्या कोणालाच माहीत नाहीत, आणि कडू करांदा राखेत किती वेळ उकडायचा ते काकींना. बैठक संपल्यावर एक संध्याकाळ द्या. वही मी घेऊन येते.